गाडीचा रंग घरच्या घरी जपताना

माझी गाडी गडद निळी आहे. घेतल्यापासून चार वर्षं मी ती रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसत होते. धूळ दिसली की हात फिरवायचा, गाडी लख्ख. एका रात्री उतरताना कानातलं पडलं म्हणून टॉर्च लावला, उजेड बॉनेटवरून फिरला आणि मी जागच्या जागी थांबले. उजेडाभोवती बारीक बारीक चरे, कोळ्याने जाळं विणावं तसे. टॉर्च सरकवला की जाळंही सरकायचं. बॉनेट, टप, दारं, डिकी, एकही जागा सुटली नव्हती. कुणी खोडसाळपणा केला नव्हता. माझ्याच हाताने, माझ्याच फडक्याने, रोज थोडं थोडं करत ते झालं होतं.

त्याला आता सात वर्षं झाली. गाडी तीच आहे, रंग मूळचाच आहे, आणि टॉर्च मारला तर जाळं दिसत नाही. ज्यांना हे काम घरी करायचंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

आधी रंगाची रचना समजून घ्या, म्हणजे पुढे हात आपोआप हलका पडतो. पत्र्यावर गंज अडवणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर, क्लिअर कोट. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. एका मिलिमीटरमध्ये १००० मायक्रॉन असतात, यावरून अंदाज घ्या. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. गाडीची चमक त्याच्यामुळे, आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारी द्रव्यंही त्याच्यातच. जाळ्यासारखे दिसणारे चरे असतात ते याच थरात. खरं तर ते गोल नसतात, सगळ्या दिशांना गेलेले असतात. उजेडाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल वाटतात. पॉलिश करायचं म्हणजे चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट थोडा थोडा घासून सपाटी आणायची. तो थर भरून येत नाही. त्यामुळे चरे काढण्याची कला नंतर शिका, चरे न पाडता गाडी धुवायला आधी शिका.

धुण्याआधी गाडी सावलीत घ्या आणि पत्रा गार होऊ द्या. हाताची उलटी बाजू बॉनेटवर ठेवून बघा. चटका बसत असेल तर अर्धा तास थांबा. तापलेल्या पत्र्यावर पाणी झरकन वाळतं, त्यातले क्षार मागे राहतात आणि पांढरे गोल डाग पडतात.

सुरुवात चाकांपासून करायची. मी पूर्वी ती शेवटी करायचे. पण चाक घासताना उडणारी काळी घाण धुतलेल्या दारावर बसते, आणि तुम्ही खाली वाकून चाकं घासेपर्यंत वर टपावर पाणी वाळतं. चाकांची बादली वेगळी, ब्रश वेगळा, फडकं वेगळं. ब्रेक पॅडची पूड धातूची असते. त्या फडक्याने चुकूनही रंगाला हात लावायचा नाही.

मग गाडीवर नुसतं पाणी. शाम्पू नाही, हात नाही, वरून खाली पाच मिनिटं पाणी सोडायचं. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. जेवढे कण पाण्याबरोबर जातील तेवढे कमी घासले जातील. प्रेशर वॉशर असेल तर नळी पत्र्यापासून निदान हातभर लांब धरा, आणि जिथे रंगाचा टवका उडालाय किंवा रबराची कड सुटलीय तिथे झोत मारू नका. तो टवका बघता बघता मोठा होतो.

आता दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. दोन्हींच्या तळाशी जाळी टाका, म्हणजे खाली बसलेली वाळू ढवळून पुन्हा वर येत नाही. मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मोजा साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. पहिल्यांदा असं केलं त्या दिवशी साध्या पाण्याच्या बादलीचा तळ मी बघितला. चिमूटभर काळी रेती जमली होती. आधीची चार वर्षं तीच रेती मी एका बादलीत कालवून पुन्हा गाडीला लावत होते. स्पंज नको, कारण त्याच्या सपाट तोंडाखाली कण अडकतो आणि तिथूनच घसटत जातो. मोज्याचे धागे लांब असल्यामुळे कण आत ओढला जातो.

भांड्यांचा साबण नेहमी वापरू नका. तो तेलकटपणा काढायला बनवलेला असतो, आणि तुम्ही लावलेलं वॅक्सही त्याच्या दृष्टीने तेलकटपणाच.

क्रम असा ठेवा: टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग, आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा पट्टा व बंपर. सगळ्यात जास्त चिखल आणि रेती खाली असते. हात सरळ रेषेत चालवा, गोल गोल नको. दाबायचं तर मुळीच नाही, मोज्याचं स्वतःचं वजन पुरतं. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता संपला. नुसता झटकून परत घेऊ नका. मी म्हणूनच दोन ठेवते.

शेवटचं पाणी घालताना नळीचं तोंड काढून टाका आणि टपावरून पाणी नुसतं वाहू द्या. थेंब थेंब न राहता पाणी चादरीसारखं एकसंध घसरतं आणि निम्मं वाळवण्याचं काम तिथेच होतं. उरलेलं मोठ्या, जाड मायक्रोफायबरने टिपायचं. टॉवेल पसरून ठेवा, वरून हलकं थोपटा, उचला. आरशांच्या खाचांत, दारांच्या हँडलमागे, नंबर प्लेटखाली आणि इंधनाच्या झाकणात पाणी दडून बसतं. दहा मिनिटांनी तिथून ओघळ सुटतात, तेव्हा एक छोटं फडकं हाताशी असू द्या. दारं उघडून चौकटी पुसायच्या, पण त्या वेगळ्या फडक्याने.

फडक्यांबद्दल दोन गोष्टी. नवीन मायक्रोफायबर आणलं की आधी त्याची कडेची चिठ्ठी कापून टाका. त्या चिठ्ठीचा टणक कोपरा चरा पाडतो. आणि ही फडकी सुती कपड्यांबरोबर धुवू नका. सुताची लव त्यांच्या धाग्यांत अडकते आणि पुढच्या वेळी रंगावर उतरते. कपडे मऊ करणारं कंडिशनरही नको, त्याने धाग्यांवर लेप बसतो आणि ती पाणी शोषेनाशी होतात.

एवढं धुणं पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. मधल्या दिवसांत नुसती धूळ बसली असेल तर बसू द्या. मला सगळ्यात अवघड हीच गोष्ट गेली. हात आपसूक फडक्याकडे जायचा. बसलेली धूळ रंगाचं काही बिघडवत नाही, ती घासली तरच बिघडवते.

पक्ष्यांच्या शिटेला मात्र थांबायला वेळ नाही. एकदा गाडी चार दिवस झाडाखाली उभी होती. परत आले तर डाव्या मडगार्डवर वाळून कडक झालेली शीट. ओल्या फडक्याने काढली, पण खाली बोटाच्या पेराएवढी जागा सुरकुतलेली निघाली. रंग तोच, पण हात फिरवला की जाणवत होतं. शीट आम्लधर्मी असते. त्यात दिवसभराच्या उन्हाने क्लिअर कोट प्रसरण पावून मऊ पडतो, आणि संध्याकाळी आकसताना तिच्याभोवतीच घट्ट होतो. पॉलिश करूनही तो डाग पूर्ण गेला नाही, तिरप्या उजेडात आजही दिसतो. तेव्हापासून डिकीत पाण्याची फवारणीची बाटली आणि दोन फडकी कायम असतात. फडकं चिंब भिजवून डागावर पाच-दहा मिनिटं पसरून ठेवायचं, मग वरच्या वर उचलून घ्यायचं. घासायचं नाही, कारण शिटेत बियांचे आणि रेतीचे कण असतात.

झाडाचा चीक आयसोप्रोपिल अल्कोहोलने विरघळतो. फडक्यावर घेऊन डागावर अर्धा मिनिट टेकवा, लगेच धुवून टाका. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर लागतो, तो काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर जाऊ देऊ नका. खाऱ्या किंवा जड पाण्याचे पांढरे डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून लावा, दोन-तीन मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. तरीही राहिले तर ते थरात उतरलेत असं समजा.

वर्षातून एक-दोनदा धुतल्यावर एक परीक्षा करा. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटांची टोकं बॉनेटवर हळूच फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटलेला पत्रा पिशवीतून बारीक रव्यासारखा खरखरीत लागतो. ते रंगात रुतलेले धातूचे, सिमेंटचे, डांबराचे कण. शाम्पूने ते निघत नाहीत.

लोखंडाच्या कणांसाठी आयर्न रिमूव्हर फवारा. दोन-तीन मिनिटांत पांढऱ्या गाडीवर तर जांभळे ओघळ उतरताना अगदी स्पष्ट दिसतात, गडद रंगावर वाकून बघावं लागतं. वास उग्र असतो, हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा आणि ते वाळू देऊ नका.

बाकीच्या कणांसाठी क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारा मळता येणारा चिकणमातीसारखा गोळा. लिंबाएवढा गोळा घेऊन मळा, तळहातावर चपटा करा. पत्र्यावर क्लेचं वंगण किंवा शाम्पूचं पाणी सढळ हाताने फवारा आणि दोन वीत लांब, दोन वीत रुंद एवढ्याच जागेवर तो पुढे-मागे सरकवा. सुरुवातीला अडखळत जातो, खर्र खर्र असा बारीक आवाज येतो. दहा-बारा वेळा फिरवल्यावर आवाज थांबतो आणि क्ले लोण्यावरून गेल्यासारखा घसरायला लागतो. तिथे थांबा. उलटून बघा, पिवळसर डाग आणि काळे टिपके दिसतील. घडी घालून मळा, स्वच्छ बाजू वर आणा. क्ले खाली पडला तर सरळ फेकून द्या, कितीही नवा असला तरी. रुतलेला एक खडा सबंध दारावर रेघ ओढतो.

इथपर्यंत आल्यावर पॉलिशची गरज आहे का, ते टॉर्च घेऊन ठरवा. चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत असेल तर तो चरा पॉलिशने जाणार नाही, त्याच्या मागे लागून थर झिजवू नका. अडकत नसेल तर निघेल किंवा फिका पडेल. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश कधीच करायचं नाही, तिथे कायमचा चमकता पट्टा पडतो.

घरी काम करणाऱ्याने ड्युअल ॲक्शन मशीनच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. त्यात पॅड फिरतो आणि जोडीने डगमगतोही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. नुसतं गरगर फिरणारं रोटरी मशीन शिकलेल्या हातातच ठीक, नाहीतर क्षणात रंग जळतो. काम सुरू करण्याआधी काळं प्लास्टिक, रबर, बोधचिन्हं आणि बॉनेटच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो.

मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश यांनी सुरुवात करा. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवून थेंब पसरवा, मग सुरू करा, नाहीतर शिंतोडे भिंतीपर्यंत जातात. तिथेही दोन वीत बाय दोन वीत जागा, सावकाश, आडवे मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्याला निम्मा झाकेल असा. चार-पाच फेऱ्या झाल्या की पुसा आणि पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा एकदा पुसा. हे टाळू नका. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसून ते तात्पुरते लपवतं, आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत सगळे परत दिसतात. अल्कोहोलने पुसल्यावर दिसेल ते खरं. समाधान वाटलं तर हीच जोडी सगळ्या गाडीला. नाही वाटलं तरच एक पायरी कडक पॅड किंवा कडक पॉलिश.

मी पहिल्यांदा उलट केलं होतं. एका रविवारी सगळं उरकायचं म्हणून थेट कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं जाडसर पॉलिश, आणि कडक पॅड घेतला. चरे गेले, पण बॉनेट धुरकट झालं, थंडीत काचेवर वाफ धरावी तसं. ते घालवायला मऊ पॅडची आणखी एक पूर्ण फेरी करावी लागली, म्हणजे जिथे एकदा थर झिजला असता तिथे दोनदा झिजला. सात वर्षांत मशीन मी दोनच वेळा बाहेर काढलं आहे.

संरक्षणाचं थोडक्यात सांगते. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. गडद रंगाला ते जी ओलसर खोली देतं ती मला फार आवडते, पण ते दीड-दोन महिनेच टिकतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण कृत्रिम संरक्षक लेप, चार-सहा महिने जातो. सिरॅमिक कोटिंग वर्षानुवर्षं टिकू शकतं, पण त्याच्याखाली राहिलेला प्रत्येक चराही तेवढाच टिकतो, आणि ते पुसायला उशीर झाला तर डाग बसतात. पहिल्यांदाच करणाऱ्याने सीलंट घ्यावा. लावायचा तो इतका पातळ की आहे की नाही अशी शंका यावी. जाड थर जास्त टिकत नाही, फक्त पुसायला जड जातो. पुसायची वेळ झाली का ते बोटाने एक रेघ ओढून बघा. रेघ स्वच्छ निघाली तर पुसा, फासली गेली तर थांबा. एखादं दार नुकतंच रंगवून घेतलं असेल तर त्यावर महिना-दोन महिने यातलं काहीच लावू नका, ताज्या रंगातला द्राव बाहेर पडायला वाट हवी.

आता काळं प्लास्टिक. रंग कितीही चमकला तरी बंपरची कड राखाडी पडली असेल तर गाडी म्हातारी दिसते. हे प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असतं आणि त्यावर क्लिअर कोट नसतो. ऊन थेट त्याच्यावर काम करतं, वरचा पापुद्रा तुटत जातो आणि राखाडी दिसतो. त्यात आपण घाईने वॅक्स लावताना त्यावर हात जातो. त्याच्या खडबडीत दाण्यांत वॅक्स बसतं आणि वाळून पांढरं होतं. माझ्या मागच्या बंपरवर असे बोटांचे पांढरे पट्टे कितीतरी महिने होते. धुतल्यावर ओलं असेपर्यंत नाहीसे व्हायचे, वाळलं की परत. शेवटी शाळेच्या मऊ खोडरबराने घासून काढले. खोडरबर दाण्यांत शिरतं आणि वॅक्सला गोळा करून बाहेर आणतं. मोठी जागा असेल तर ऑल पर्पज क्लीनर पातळ करून जुन्या मऊ टूथब्रशने घासा. पहिला फेस तपकिरी येतो, दुसरा करडा. फेस पांढरा येईपर्यंत घासत राहा. या पायरीत कंटाळा केला तर वर काहीही लावा, चार दिवसांत सुटतं.

पूर्ण वाळल्यावर ट्रिम रिस्टोअरर, म्हणजे प्लास्टिकला पुन्हा काळेपणा आणणारा द्राव, लावा, स्पंजच्या छोट्या तुकड्याने, एकाच दिशेने, आणि पाच मिनिटांनी जादा राहिलेला पुसून घ्या. चकचकीत तेलकट ड्रेसिंग, म्हणजे वरून लावायचा चमकेचा लेप, त्या दिवशी छान दिसतं, मग धूळ धरतं आणि पहिल्या पावसात रंगावर ओघळतं. हॉट एअर गनने प्लास्टिक तापवून काळं करण्याच्या भानगडीत पडू नका. काळं होतं खरं, पण काही महिन्यांत पुन्हा राखाडी, आणि हात चुकला तर प्लास्टिक वितळतं.

दारांच्या रबरी बीडिंगला पेट्रोलियम जेली किंवा इंजिनचं तेल लावणारे मी पाहिले आहेत. हे रबर खनिज तेलाने फुगून सैल पडतं. ओल्या फडक्याने माती काढा आणि सिलिकॉनचं वंगण अगदी हलकं फिरवा. खिडक्यांच्या चंदेरी पट्ट्या नेहमी क्रोमच्याच असतात असं नाही, बऱ्याचदा ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांच्यावर तीव्र क्लीनर गेला की दुधाळ डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही. दोन दारांमधल्या चकचकीत काळ्या खांबांवर सगळ्यात लवकर चरे पडतात, त्यांना प्लास्टिक न समजता रंगाइतकंच जपा. अक्षरांच्या आणि बोधचिन्हांच्या कडांत अडकलेलं पॉलिश कोरड्या मऊ ब्रशने काढा, ओलं केलं तर ते चिखल होऊन बसतं. टायरला पाण्यावर आधारित ड्रेसिंग, फक्त बाजूच्या भिंतीला. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला थेंबही नको, घसरण्याचा धोका आहे.

हँडलमागच्या खोबणीत टॉर्च मारून बघा. नखं आणि अंगठ्या लागून तिथे सगळ्यात दाट चरे असतात, आणि मशीनचा पॅड तिथे जात नाही. हाताने, बोटाला फडकं गुंडाळून, थोडं पॉलिश घेऊन ते फिके करता येतात. मी चारही खोबण्या तशा साफ केल्या आणि मग त्यांत रंग वाचवणाऱ्या पारदर्शक फिल्मचे गोल तुकडे कापून चिकटवले. ड्रायव्हरच्या बाजूचा तुकडा गेल्या वर्षी बदलला. फिल्म ओरबाडून पांढरट झाली होती, खालचा निळा रंग जसाच्या तसा होता.